गाडी विकायला दिली, पैसे बुडाले, नाव अजून माझंच: कोणतं कलम लागतं आणि शिक्षा किती

आधी तुमची हकीकत थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यालाही कळेल. तुम्ही मानेवाड्याला राहता, तुमची २०१७ ची पेट्रोल गाडी ओळखीतल्या एका एजंटला विकायला दिली, सौदा ३ लाख ४० हजाराचा ठरला, हातात ७० हजार आले, बाकीचे "पार्टीकडून आले की देतो" असं ठरलं. तुम्ही आरसी, एक चावी, आधारची झेरॉक्स आणि फॉर्म २९, ३० वर (मालकी बदलाचे टीटी फॉर्म) कोऱ्या सह्या करून दिल्या. आठ महिने झाले. गाडी मध्य प्रदेशात फिरते आहे, चालान तुमच्या मोबाईलवर येत आहेत, आणि परवा आरटीओत गेल्यावर कळलं की छिंदवाड्यासाठी एनओसीचा, म्हणजे गाडी तिकडच्या आरटीओत न्यायच्या ना-हरकत पत्राचा अर्ज तुमच्या नावाने पडलाय, त्यावरची सही तुमची नाही. एजंट फोन उचलत नाही. ठाण्यात गेलात तर "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा" म्हणाले. तुम्ही विचारताय की कलम कोणतं, शिक्षा किती, त्याला अटक होईल का आणि गाडी परत मिळेल का.

मी नागपूरच्या कोर्टात वर्षानुवर्षं फौजदारी आणि गाड्यांच्या केसेस चालवतोय, असे लोक दर महिन्याला येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न शिक्षेचा असतो. शिक्षा कायद्यात भरपूर आहे, तिकडे काही कमी नाही. केस अडते ती दुसरीकडेच, तक्रार लिहिताना. लोक लिहितात "गाडी नावावर करून घेत नाही, पैसे देत नाही". एवढंच लिहिलं तर ठाणेदार सिव्हिल म्हणणारच, आणि खरं सांगायचं तर कायद्याने त्याचं फार चुकत नाही.

काहून ते सांगतो. नाव ट्रान्सफर न करणं हा मुळात जेलचा गुन्हा नाहीच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. परराज्यात जाणार असेल तर विकणाऱ्याला ४५ दिवस, आणि सोबत एनओसी लागते. नाही कळवलं तर किरकोळ दंड, बस्स. त्यामुळे "त्याने नावावर केली नाही" हे वाक्य कितीही वेळा लिहिलं तरी त्यातून फौजदारी निघत नाही. फौजदारी निघते ती खोटेपणातून, आणि तो खोटेपणा सौद्याच्या दिवशीच होता हे दाखवावं लागतं. सुप्रीम कोर्टाने २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या केसमध्ये हेच सांगितलं, की फसवणुकीसाठी बेइमानीचा हेतू सुरुवातीपासून असला पाहिजे, नंतर शब्द मोडला म्हणून ती आपोआप फसवणूक होत नाही. बचावाचा वकील पहिल्याच तारखेला हा निकाल पुढे करतो.

आता तुमच्या केसमध्ये तो हेतू कुठे दिसतो ते पाहा. त्याने "पार्टी आहे" म्हटलं तेव्हा खरंच पार्टी होती का? पार्टीचं नाव तुम्हाला एक सांगितलं आणि गाडी दिली दुसऱ्यालाच, असं झालं का? गाडी प्रत्यक्षात कधी विकली, म्हणजे त्याच आठवड्यात पूर्ण पैसे घेऊन विकली आणि तुम्हाला चार महिने "पार्टी पैसे देत नाहीये" सांगत राहिला का? अशाच पद्धतीने अजून कोणाची गाडी उचलली आहे का? यातली एक गोष्ट जरी कागदावर दाखवता आली तर केस सिव्हिलमधून बाहेर येते. म्हणून गाडी आता ज्याच्याकडे आहे त्या छिंदवाड्याच्या घेणाऱ्याला गाठा, त्याने कोणाला, कोणत्या तारखेला, किती पैसे दिले ते विचारा, यूपीआय असेल तर स्क्रीनशॉट मागा. तो बहुतेक देईल, कारण त्याचंही नाव चढलेलं नाही, तोही अडकलाय. त्या तारखेनंतर एजंटने तुम्हाला पाठवलेला "दादा पार्टी थांबवून आहे" असा एखादा मेसेज सापडला तर माझ्या दृष्टीने तोच तुमच्या अख्ख्या केसचा कणा आहे.

आता कलमं. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे सौदा त्यानंतरचा असेल तर नवीन कलमं, आधीचा असेल तर जुनी ४२०, ४०६, ४६८ हीच लागणार. तुमचा सौदा आठ महिन्यांपूर्वीचा, म्हणून नवीन.

फसवणूक करून माल ताब्यात घेतला की कलम ३१८(४), म्हणजे जुनं ४२०, सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. विश्वासाने सोपवलेली वस्तू खाल्ली तर ३१६, जुनं ४०६. याची शिक्षा जुन्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत होती, आता ३१६(२) मध्ये पाचपर्यंत वाढली. आणि तोच माणूस धंद्याने एजंट किंवा दलाल असेल आणि त्या धंद्यातच त्याला वस्तू सोपवली असेल तर ३१६(५), तिथे थेट जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत.

लोकांना वाटतं दोन्ही लावून टाका, जास्त कलमं म्हणजे जास्त वजन. होतं उलटं. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने चांगलंच खडसावलंय की फसवणूक आणि विश्वासघात एकाच घटनेवर सोबत नांदत नाहीत, एकात बेइमानी पहिल्या दिवशी असते, दुसऱ्यात वस्तू आधी प्रामाणिकपणे सोपवलेली असते आणि नियत नंतर फिरते. आणि नुसती विक्री असेल, किंमत थकली असेल, तर ती सोपवणूकच नाही. म्हणून तुम्हाला आधी ठरवावं लागेल की गाडी एजंटला विकली होती की विकून द्यायला दिली होती. तुम्ही प्रश्नात एका ठिकाणी "एजंटला विकली" लिहिलंय आणि दुसऱ्या ठिकाणी "विकायला दिली" लिहिलंय. भाऊ, या दोन शब्दांत दोन वेगवेगळ्या केसेस आहेत. विकली असेल तर ३१६ विसरा, ३१८(४) वर जोर द्या. विकून द्यायला दिली असेल, त्याचं कमिशन ठरलं असेल, तर ३१६(५) चा मुद्दा तगडा आहे, कमिशनबद्दलचं बोलणं मेसेजमध्ये असेल तर ते जपून ठेवा. तक्रारीत जे खरं घडलं तेच लिहा आणि एकच लिहा. जबाबात एक आणि कोर्टात दुसरं आलं की उलटतपासणीत माणूस उभा राहत नाही.

मग त्या सह्या. तुमच्याकडे खरं तर दोन वेगवेगळे प्रकार आहेत. एनओसीच्या फॉर्म २८ वर तुमची सही दुसऱ्याने केली, ती सरळ बनावट सही. फसवणुकीसाठी बनावट कागद तयार केला तर ३३६(३), सात वर्षांपर्यंत आणि दंड, तो खरा म्हणून आरटीओत दिला तर ३४०(२), त्यालाही तीच शिक्षा. दुसरा प्रकार कोऱ्या टीटी फॉर्मचा, तिथे सही तुमचीच आहे. सगळे म्हणतात की सही स्वतः केली आता काय करणार, आणि एजंट लोकही हेच सांगून घाबरवतात. पण कायद्यात याचं उत्तर आहे. खोटा दस्तऐवज म्हणजे काय हे कलम ३३५ मध्ये दिलंय, त्याखालच्या उदाहरणांत एक असं आहे की मालकाने सही केलेला कोरा चेक एजंटकडे ठेवला, अमुक रकमेपर्यंतच भर असं सांगितलं, एजंटने बेइमानीने त्यापेक्षा जास्त रक्कम भरली, तर एजंटने बनावटीकरण केलं. जुन्या ४६४ मध्येही हेच उदाहरण होतं. तुमचा कोरा फॉर्म ३० अमुक माणसाच्या नावाने, पूर्ण पैसे मिळाल्यावर भरायचा असं ठरलं होतं आणि त्याने तो दुसऱ्याच नावाने, पैसे न देता भरला, तर हा मुद्दा जसाच्या तसा बसतो. फक्त "असं ठरलं होतं" हे दाखवायला एखादा मेसेज, एखादं रेकॉर्डिंग, एखादा साक्षीदार लागेल.

अजून एक, आरटीओच्या फाईलची नक्कल माहिती अधिकारात किंवा कोर्टामार्फत मिळाली की त्यात डिलिव्हरी नोट किंवा "पूर्ण रक्कम मिळाली" अशी पावती तुमच्या नावाने लावलेली आहे का ते नीट पाहा. पैसे मिळाल्याची किंवा वस्तू दिल्याची बनावट पावती ही कलम ३३८ मध्ये जाते, जुनं ४६७, शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत. पोलीस सवयीने आरसीच्या प्रत्येक केसला ४६७ लावायचे आणि ते वरच्या कोर्टात टिकायचं नाही, कारण आरसी हा काही मूल्यवान रोखा, म्हणजे पैशाचा किंवा मालमत्तेचा हक्क देणारा कागद नाही. पण पावती असेल तर कलम बरोबर बसतं. खोटी आरसी किंवा आरटीओच्या शिक्क्याची खोटी एनओसीच छापली असेल तर ती ३३७ मध्ये, सरकारी अधिकाऱ्याने दिल्याचं भासवलेला कागद म्हणून, सात वर्षांपर्यंत.

तुम्ही आधारची झेरॉक्स दिली लिहिलंय, ओटीपी दिला का ते नाही लिहिलं. हे आठवून पाहा. आजकाल आरटीओची बरीच कामं आधारच्या ओटीपीवर घरबसल्या होतात आणि एजंट फोन करून "दादा एक नंबर आला असेल तो सांगा" म्हणतो. तुमचा ओटीपी बेइमानीने वापरून अर्ज टाकला असेल तर आयटी कायद्याचं ६६सी, तुम्हीच आहात असं भासवलं असेल तर ६६डी, दोन्हीत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ही दोन्ही कलमं जामीनपात्र आहेत, आणि तपास पीआय किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. त्यामुळे हवालदाराकडे फाईल पडून राहिली असेल तर तेवढ्यावरूनही वर मागणी करता येते.

गाडीवर लोन असतं तर अजून एक गोष्ट आली असती. बँकेचा बोजा असताना फायनान्सरच्या संमतीशिवाय नाव बदलत नाही, म्हणून लोक बँकेची खोटी एनओसी आणि खोट्या सहीचा फॉर्म ३५ लावतात. तुमचं लोन नाही, सोडून देतो.

आणि घरोघरी होणारा एक प्रकार मात्र सांगायलाच हवा, कारण तो करणाऱ्याला गुन्हा वाटतच नाही. वडील वारले, गाडी त्यांच्या नावावर, मुलाने फॉर्म ३० वर त्यांची सही ठोकली आणि जुनी तारीख टाकून गाडी विकली. वारसाने मृत्यू ३० दिवसांत कळवायचा, तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आधी स्वतःच्या नावावर घ्यायची, असा सरळ रस्ता आहे, पण एजंट म्हणतो कशाला लफडं, सही करून टाका. मेलेल्या माणसाने जिवंतपणी केला असं भासवून केलेला कागद हे बनावटीकरण होऊ शकतं असं ३३५ च्या स्पष्टीकरणात शब्दाशब्दांत लिहिलंय. पुढे बहीण किंवा भाऊ हिश्शावरून भांडला की पहिली तक्रार याच सहीची येते, आणि एजंट तोपर्यंत कुठेच नसतो.

घेणाऱ्या बाजूने सगळ्यात घाण प्रकार म्हणजे पंचिंगची गाडी. अपघातात पूर्ण गेलेली गाडी भंगारात घेतात, तिची आरसी जिवंत ठेवतात, त्याच मॉडेलची चोरीची गाडी आणतात आणि तिच्यावर भंगारवालीचा चेसिस नंबर ठोकतात. ऑनलाईन पाहिलं तर सगळं बरोबर दिसतं. हाताने पाहिलं तर कळतं. चेसिस नंबरच्या जागेवरचा पत्रा बोटाने चाचपा, ग्राइंडर फिरवलेला असेल तर तिथे पत्रा पातळ आणि लाटेसारखा लागतो, आकडे एका ओळीत नसतात, एखादा आकडा खोल एखादा उथळ, आणि नेमका तेवढाच भाग ताज्या रंगाचा किंवा मुद्दाम ग्रीस चोपडलेला. मी एका पिकअपच्या पंचनाम्याला हजर होतो, तिथे आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाने नंबरावर नुसता थिनरचा बोळा फिरवला आणि नव्या रंगाखालून जुन्या ८ चा गोलवा वर आला, तिथे ३ ठोकलेला होता. अशा केसमध्ये चोरी, बनावटीकरण, फसवणूक तर येतंच, शिवाय चोरीचा माल जाणूनबुजून घेतला तर ३१७(२), तीन वर्षांपर्यंत, आणि नेहमीचाच धंदा असेल तर ३१७(४), जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत. टोळी असेल, आधीची चार्जशीटं असतील, तर संघटित गुन्हेगारीचं कलम १११ लागू शकतं, त्यात वाहनचोरीचा उल्लेखच आहे, शिक्षा किमान पाच वर्षं. आणि आरटीओ मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली ती नोंदणीच रद्द करतं, म्हणजे प्रामाणिक घेणाऱ्याची गाडीही गेली आणि पैसेही. जुनी गाडी घेण्याआधी एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) वाहन समन्वय पोर्टलवर चेसिस नंबर टाकून चोरीची नोंद आहे का ते पाहायला पाच मिनिटं लागतात, ती काढा.

आता तुमच्याकडे परत येतो. शिक्षेच्या मागे लागण्याआधी तुमची स्वतःची मान सोडवा, कारण ते जास्त अर्जंट आहे. कायद्याच्या नजरेत आज त्या गाडीचे मालक तुम्हीच. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की गाडी कितीही हातांतून पुढे विकली गेली असो, अपघाताच्या दिवशी आरटीओत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. त्यात इन्शुरन्स संपलेला असेल तर रक्कम तुमच्या खिशातून, आणि ती लाखांत जाते. अल्पवयीन पोराने चालवून कोणाला उडवलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९ए, तिथे पालकासोबत गाडीचा मालकही येतो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. तुम्हाला माहिती नव्हतं हे सिद्ध केलं तर सुटका आहे, पण ते सिद्ध तुम्हीच करायचं.

म्हणून उद्याच्या उद्या, तुमची गाडी एमएच ३१ ची असेल तर गिरीपेठच्या ऑफिसला, ४९ किंवा ४० ची असेल तर त्या त्या ऑफिसला, एक लेखी हरकत द्या. तारीख, गाडी कोणाला दिली, फॉर्म २८ वरची सही माझी नाही, एनओसी आणि नाव बदल थांबवा, फाईल सीलबंद ठेवा, एवढंच लिहा आणि इनवर्डचा शिक्का मारून पोच घ्या. तोंडी सांगून निघून येऊ नका, खिडकीवरचा माणूस चांगला असला तरी पुढच्या महिन्यात त्याची बदली होईल. गुन्हा दाखल झाला की पोलिसांच्या पत्रावरून गाडी ब्लॅकलिस्टला पडते, तोपर्यंत हा कागदच तुमचा आधार. इन्शुरन्स कंपनीलाही तसंच एक पत्र टाका. आणि तो एजंट आरटीओचा ऑथराइज्ड डीलर आहे का तेही विचारून घ्या. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणीचं सर्टिफिकेट लागतं आणि गाडी डीलरच्या ताब्यात देताना फॉर्म २९सी ऑनलाईन भरला की तो मानीव मालक होतो, म्हणजे कायदा त्यालाच मालक धरतो, जबाबदारी त्याच्याकडे जाते. तुमच्या एजंटने तो भरलेला नसणार, पण डीलर म्हणून पाटी लावून, कार्ड छापून तो बिनपरवाना धंदा करत होता हे हेतू दाखवायला उपयोगी पडतं. कार्डचा फोटो काढून ठेवा.

मग ठाणं. तक्रार लेखी न्या. पहिल्या पानावर तारखांनिशी खोटं काय बोलला ते, पैशाचा हिशोब दुसऱ्या पानावर. ठाणेदार चौकशी करून पाहतो म्हणाला तर त्याला तो अधिकार आहे का ते बघा. नव्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) कलम १७३(३) मधली १४ दिवसांची प्राथमिक चौकशी ही तीन वर्षं ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे, तीही डीवायएसपी दर्जाच्या परवानगीने. ३१८(४) आणि ३३६(३) ची शिक्षा पूर्ण सात आहे, त्यामुळे ही दोन कलमं त्यात बसत नाहीत. तरीही पैशाच्या व्यवहारात थोडी चौकशी करायला ललिता कुमारीच्या निकालाने मुभा दिलेली आहे, म्हणून त्यावर भांडत बसू नका, चौकशीला जा, कागद द्या. नाहीच नोंदवला तर १७३(४) खाली तक्रार लेखी पोस्टाने झोनच्या डीसीपींना (पोलीस उपायुक्त), आणि तिथूनही काही हललं नाही तर कलम १७५(३) खाली सिव्हिल लाईन्सच्या जिल्हा न्यायालयात प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, सोबत शपथपत्र. डीसीपींकडे गेल्याचा पुरावा नसेल तर हा अर्ज तिथेच पडतो, रजिस्टर पोस्टाची पावती सांभाळा.

मोबाईलमधल्या पुराव्याचं एक नीट समजून घ्या. व्हॉट्सअॅपच्या प्रिंटआउट नुसत्या लावून कोर्टात चालत नाहीत, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात एक भाग तुमचा आणि एक तज्ज्ञाचा, हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासकट. तो मोबाईल विकू नका, फॉरमॅट मारू नका, एक्स्चेंजमध्ये तर मुळीच देऊ नका.

अटक होईल का? लगेच होईलच असं धरू नका. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे हे पोलिसांना लिहून दाखवावं लागतं, अर्नेश कुमारचा २०१४ चा निकाल आहे, त्यामुळे आधी बीएनएसएसच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस जाते. तो हजर झाला, सहकार्य केलं, तर बाहेरच राहतो. ३१८(४) अजामीनपात्र असल्यामुळे तो अटकपूर्व जामिनाला मात्र धावतो, आणि खरं सांगतो, पैसे परत मिळायची सगळ्यात चांगली वेळ तीच असते, कारण तिथे तो स्वतःहून रक्कम भरायला तयार होतो. कोर्ट जामीन देताना वसुली करत नाही, करायलाही नको, पण त्याचा वकील बोलणी काढतो. मिळत असतील तर डीडीने किंवा बँकेतून घ्या, आणि कागदावर फक्त पैसे मिळाले एवढंच लिहून द्या, "माझी काही तक्रार नाही" हे वाक्य गाडीचं नाव तुमच्यावरून उतरेपर्यंत लिहून देऊ नका. चेक दिला आणि बाऊन्स झाला तर बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, १५ दिवस वाट, मग एक महिन्यात १३८ ची (चेक बाऊन्सची) केस, तिथे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही.

शिक्षा प्रत्यक्षात किती होते, हेही विचारलंत. पुस्तकात सात वर्षं, दहा वर्षं लिहिलेलं असलं तरी केस चालते प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेटपुढे, आणि बीएनएसएसच्या कलम २३ प्रमाणे ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारापर्यंत दंड एवढंच देऊ शकतात. जास्त द्यायची गरज वाटली तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात, त्यांना सात वर्षांपर्यंतचा अधिकार आहे. एक-दोन गाड्यांच्या केसमध्ये तिथवर जात नाही. मला विचाराल तर तुमच्यासारख्या केसमध्ये कलम ३९५ ची नुकसानभरपाई मागून घेणं हे वर्ष-दोन वर्षांच्या शिक्षेपेक्षा जास्त कामाचं आहे, आणि अर्ध्याहून जास्त फिर्यादी ती मागतच नाहीत. तडजोड झाली तर ३१८(४) कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं, बनावट सहीचं कलम मिटत नाही, त्यासाठी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करायला जावं लागतं.

एक गोष्ट अजिबात करू नका. कोणीतरी तुम्हाला सल्ला देणार, की गाडी चोरीला गेली म्हणून रिपोर्ट टाक, पोलीस दोन दिवसांत उचलून आणतात, किंवा तुझ्याकडे दुसरी चावी आहे ना, जाऊन घेऊन ये. गाडी तुम्ही स्वतःच्या हाताने दिली, ती चोरी नाही. खोटी माहिती दिली तर न्याय संहितेचं कलम २१७, एक वर्षापर्यंत, खोटा गुन्हा लादला तर २४८, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि दुसऱ्या चावीने छिंदवाड्याहून गाडी काढून आणलीत तर चोर तुम्ही ठरू शकता, कारण चोरी ताब्यावरून ठरते, आरसीवर नाव कोणाचं यावरून नाही. असा एक माणूस मी पाहिलाय, मुळात फसलेला तोच होता आणि ३७९ मध्ये (चोरीचं जुनं कलम) आरोपी होऊन चार वर्षं तारखा करत राहिला.

शेवटी गाडीचं. पोलिसांनी जप्त केली तर ती ठाण्याच्या आवारात उन्हापावसात सडायला ठेवायची गरज नाही, सुंदरभाई अंबालाल देसाईच्या २००२ च्या निकालापासून कोर्ट फोटो, पंचनामा आणि बंधपत्र घेऊन गाडी सुपूर्तनाम्यावर, म्हणजे तात्पुरत्या ताब्यात देतं, आता बीएनएसएसच्या कलम ४९७ आणि ५०३ खाली अर्ज करायचा. पण अर्ज दोघांचे येतील, तुमचा आणि छिंदवाडावाल्याचा. आरसी तुमच्या नावावर असल्याने तात्पुरता ताबा तुम्हाला मिळायची शक्यता चांगली आहे. कायमची मालकी मात्र वेगळा विषय. चोरीची गाडी असती तर घेणाऱ्याला काहीच हक्क मिळाला नसता. इथे गाडी तुम्ही राजीखुशीने एजंटकडे दिली, आणि माल विक्री कायदा १९३० ची कलमं २७ आणि २९ अशा वेळी प्रामाणिकपणे, पूर्ण किंमत देऊन, दगाफटक्याची कल्पना नसताना घेणाऱ्याला संरक्षण देतात. त्याने किती दिले आणि आरसी दुसऱ्याच्या नावावर आहे हे पाहूनही का घेतली, यावर ते ठरेल. त्याचे पैसे पूर्ण गेलेले निघाले तर गाडीचा हट्ट सोडा, तिघांच्या कागदावर नाव त्याच्यावर चढवून द्या आणि २ लाख ७० हजार, चालानाची रक्कम आणि व्याज एजंटकडून मागा, तुमचा साक्षीदार म्हणून तोच छिंदवाडावाला मग कोर्टात उभा राहील.